वामकुक्षी घेण्याआधी उठण्याची वेळ ठरवा

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात माझ्या वडिलांचे कापडाचे दुकान होते. दुपारी एक वाजता ते दुकानाच्या फळ्या लावीत, घरी येऊन जेवीत, अंगणात थोडी शतपावली करीत आणि दोनच्या सुमारास सोप्यातल्या आरामखुर्चीत टेकत. डोळे मिटताना दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या उजव्या हातात असे. पंधरावीस मिनिटांत कधीतरी हाताची पकड सैल होऊन तो जुडगा खणकन फरशीवर पडे, त्या आवाजाने वडील जागे होत, न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारीत आणि तीन वाजता दुकानाची पहिली फळी काढलेली असे. लहानपणी मला वाटे की किल्ल्या त्यांच्या हातून चुकून पडतात. त्या मुद्दाम हातात धरलेल्या असत, हे पुष्कळ उशिरा कळले. झोप कधी सुरू करायची यापेक्षा ती कधी संपवायची, याची तजवीज त्यांनी केली होती, आणि दुपारच्या झोपेचे सगळे फायदे याच तजविजीवर अवलंबून असतात, असे आता झोपेच्या शास्त्राविषयी वाचताना माझ्या ध्यानात येते.

गोव्याबाहेरचे लोक दुपारी बंद असलेली दुकाने पाहून ‘सुशेगाद’ हा शब्द आळसाच्या अर्थाने वापरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत असा आहे. दुपारच्या विश्रांतीला पोर्तुगीजांत ‘सेस्ता’ म्हणतात, तो शब्द लॅटिनमधल्या ‘सहावा तास’ या अर्थाच्या शब्दावरून आला. सूर्योदयापासून मोजलेला सहावा तास म्हणजे ऐन मध्यान्ह. पण ही सवय काही पोर्तुगीजांबरोबर आलेली नाही. आपल्याकडे वामकुक्षी होतीच. वाम म्हणजे डावी आणि कुक्षी म्हणजे कूस. जेवणानंतर आठ श्वास उताणे, सोळा श्वास उजव्या कुशीवर आणि बत्तीस श्वास डाव्या कुशीवर पडावे, असा एक जुना हिशेब सांगतात. मिनिटाला बारा ते पंधरा श्वास धरले तर हे छप्पन्न श्वास चार-पाच मिनिटांत संपतात. वामकुक्षी म्हणजे जेवण झाल्यावर पडदे ओढून पाच वाजेपर्यंत घोरत राहणे नव्हे, ती मुळातच मोजून घ्यायची विश्रांती आहे. पुढे जे सांगणार आहे ते या मोजण्याविषयीच आहे.

दुपारी पेंग का येते

आधी कारण समजून घेतले तर पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेचा दाब वाढत जातो. दुसरीकडे शरीराचे अंतर्गत घड्याळ दिवसभर जागे राहण्याचा संदेश देत असते. झोपेच्या या दोन यंत्रणांची मांडणी स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली. दुपारी साधारण एक ते तीनच्या दरम्यान घड्याळाचा जागेपणाचा संदेश थोडा मंदावतो, तोवर सकाळपासूनचा दाब बराच साठलेला असतो, आणि डोळ्यांवर झापड येते. हुमण-भात, म्हणजे माशांचे कालवण आणि भात, पोटभर जेवले की ती अधिक गडद होते हे खरे. पण ज्यांनी जेवण घेतलेले नाही त्यांनाही या वेळी मंदपणा जाणवतो. म्हणजे दोष एकट्या भाताचा नाही. संध्याकाळी मात्र घड्याळाचा संदेश पुन्हा जोर धरतो, म्हणून दुपारी पेंगणारा माणूस सात वाजता ताजातवाना दिसतो.

छोटी डुलकी या साठलेल्या दाबातला थोडासा भाग उतरवते. तो सगळा उतरवला तर रात्रीसाठी काही शिल्लक राहत नाही आणि अकरा वाजता अंथरुणावर कूस बदलत पडावे लागते. दुपारी थोडेच खर्च करायचे आणि मोठी शिल्लक रात्रीसाठी ठेवायची, हा या झोपेचा जमाखर्च आहे.

किती वेळ झोपावे

डोळा लागल्यावर पहिली काही मिनिटे अगदी हलकी झोप असते. त्यानंतरचा टप्पा थोडा खोल असतो, तरी त्यातून उठणे सोपे जाते. साधारण अर्ध्या तासानंतर, आणि रात्री जागरण झालेले असेल तर त्याच्याही आधी, गाढ झोप सुरू होते. या गाढ झोपेतून कोणी उठवले तर डोके जड होते, तोंडाला चव नसते, आपण कुठे आहोत हे क्षणभर कळत नाही आणि चिडचिड होते. ही जडता बहुधा पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत टिकते, कधी त्याहून अधिक. ‘मला दुपारची झोप सोसत नाही, उठल्यावर डोके धरते,’ असे म्हणणाऱ्या बहुतेकांची तक्रार झोपेविषयी नसून तिच्या लांबीविषयी असते.

ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात रात्रीची झोप कमी मिळालेल्या तरुणांना वेगवेगळ्या दिवशी पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटे झोपू दिले. पाच मिनिटांचा फारसा उपयोग झाला नाही. दहा मिनिटांच्या झोपेने उठल्याबरोबर तरतरी आली आणि ती सुमारे अडीच तास टिकली. वीस मिनिटांचा लाभ थोडा उशिरा, म्हणजे अर्धा तास उलटल्यावर दिसू लागला. तीस मिनिटे झोपलेले मात्र उठल्यावर काही काळ आधीपेक्षा मंद होते, त्यांना फायदा मिळाला तो ही जडता ओसरल्यानंतर.

म्हणून नव्याने सवय लावणाऱ्याने प्रत्यक्ष झोपेची दहा ते वीस मिनिटे धरावीत. डोळा लागायला पाच-सात मिनिटे जातात, तेव्हा गजर पंचवीस मिनिटांचा लावावा. सकाळी पाचपासून राबणाऱ्याला किंवा रात्री खरोखरच कमी झोपलेल्याला अर्धा तास लागेल. त्याने उठल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे कामाची धरू नयेत. चाळीस मिनिटे ते एक तास ही लांबी शक्यतो टाळावी, कारण तेवढ्या वेळात माणूस गाढ झोपेच्या ऐन मध्यावर असतो. दीड तासात झोपेचे एक पूर्ण आवर्तन होते आणि त्याच्या शेवटी उठणे पुन्हा सोपे होते, पण दीड तासाची झोप रोजची नव्हे. ती रात्रपाळीच्या माणसासाठी राखून ठेवावी.

वडिलांच्या किल्ल्यांची जागा आता मोबाइलच्या गजराने घेतली आहे. तरी ज्यांना खुर्चीत दहा मिनिटेच टेकायचे आहे त्यांनी किल्ल्यांचा प्रयोग अवश्य करून पाहावा. झोप थोडी खोल होऊ लागली की स्नायूंची पकड सुटते आणि पडणारी वस्तू आपल्याला तिथेच थांबवते. पॅरिसमधील संशोधकांनी २०२१ मध्ये याच युक्तीने केलेल्या प्रयोगात, अगदी पहिल्या हलक्या झोपेत किमान पंधरा सेकंद राहिलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांना गणिती कोड्यातला लपलेला नियम सापडला. जागेच राहिलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. त्याहून खोल झोपेत गेलेल्यांचा हा लाभ नाहीसा झाला. चरकसंहितेतही रात्रीचे जागरण रूक्ष आणि दिवसाची झोप स्निग्ध सांगून, बसल्या बसल्या घेतलेली डुलकी मात्र रूक्षही नाही आणि स्राव वाढवणारीही नाही, असा स्पष्ट भेद केलेला आहे. सोप्यातल्या आरामखुर्चीला शास्त्राधार आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

कोणत्या वेळी

सकाळी उठल्यापासून सात-आठ तासांनी, हा सोपा हिशेब आहे. सहाला उठणाऱ्याने एक ते दोनच्या दरम्यान, सातला उठणाऱ्याने दोन ते अडीचच्या दरम्यान आडवे व्हावे. तीन वाजून गेल्यावर झोपू नये. त्या वेळी झोप आवरेनाशी झाली तर दहा मिनिटे खुर्चीत टेकून उठावे आणि चहा न घेता बाहेर उजेडात फिरून यावे.

गोव्यात ही वेळ साधणे अजूनही सोपे आहे. बहुतेक शाळा दीडच्या सुमारास सुटतात, मुले आणि शिक्षक जेवायच्या वेळी घरी असतात, गावातली पुष्कळ दुकाने एक ते तीन-साडेतीन बंद असतात. ही सोय पणजीत आणि मडगावात झपाट्याने कमी होत चालली आहे. ज्यांच्याकडे ती अजून आहे त्यांनी ती मोबाइल चाळण्यात घालवू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. दोन वाजता मोबाइल घेऊन पडलेल्या माणसाचा डोळा पावणेतीनला लागतो आणि पुढचे सगळे गणित बिघडते.

वेळ ठरली की ती रोज तीच ठेवावी. दहा-बारा दिवसांत शरीर ती ओळखू लागते आणि पाठ टेकल्यावर लवकर झोप येते. आयुर्वेदाने दिवसाच्या झोपेला ग्रीष्मात मोकळीक दिली आहे, कारण त्या दिवसांत रात्री लहान असतात आणि शरीर कोरडे, क्षीण झालेले असते. इतर ऋतूंत वृद्ध, बालक, आजारी, प्रवासाने किंवा कष्टाने थकलेले, अशांनाच ती सांगितली आहे. मार्च ते मेपर्यंत घामाने जीव नकोसा करणाऱ्या आपल्या हवेत ही मोकळीक कशासाठी हे वेगळे सांगायला नको. काजूच्या दिवसांत सत्तरी तालुक्यातली माणसे उजाडायच्या आत बोंडे वेचायला डोंगरावर जातात, त्यांच्यासाठी दुपारची झोप ही दिवसाच्या कष्टाचाच भाग असते.

जेवण आणि निजणे यांच्यामध्ये

जेवून थेट आडवे होऊ नये. पोट गच्च भरलेले असताना सपाट पडले की आम्ल अन्ननलिकेत वर येते आणि छातीत जळजळते. जेवणानंतर निदान वीस-तीस मिनिटे जाऊ द्यावीत, त्यात सावकाश शतपावली करावी, पुढच्या दाराशी बसून चार शब्द बोलावेत. पडताना डाव्या कुशीवर पडावे. या स्थितीत जठराचा मोठा फुगवटा खाली राहतो, अन्ननलिकेचे तोंड आम्लाच्या पातळीच्या वर राहते, त्यामुळे आम्ल वर येण्याचे प्रमाण घटते. जुन्या माणसांनी कूस सांगितली ती डावी, आणि तपासात तीच उजवीपेक्षा बरी ठरली आहे. ज्यांना आम्लपित्ताचा जुना त्रास आहे त्यांनी पाठीला उशा लावून अर्धवट बसूनच डोळे मिटावेत.

भात कमी करण्याची सूचना गोव्यात कोणाला आवडत नाही. मीही ती करणार नाही. उकड्या तांदळाचा भात, हुमण, सोलकढी हे जेवण उत्तमच आहे. फक्त दुसऱ्यांदा भात वाढून घेताना पुढच्या अर्ध्या तासाचा विचार करावा. चहाकॉफीचा मात्र एक वेगळा उपयोग आहे. कॉफीतील कॅफीन ॲडेनोसिनची वाट अडवते आणि त्याचा परिणाम जाणवायला वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणून कॉफी पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपले तर उठताना दोन्हींचा लाभ एकदम मिळतो. पेंगुळलेल्या चालकांवर इंग्लंडमध्ये याचे प्रयोग झाले आणि ते यशस्वी ठरले. शरीरातले निम्मे कॅफीन उतरायला सुमारे पाच तास लागतात, हे लक्षात ठेवून ही युक्ती दोनच्या आतच वापरावी, आणि झोप नाजूक असलेल्यांनी ती वापरूच नये.

जागा

रात्रीच्या पलंगावर, रात्रीचे कपडे घालून, चादर पांघरून झोपले की शरीराला ती रात्रच वाटते. दुपारसाठी जागा वेगळी असावी. जुन्या घरांत सोपा किंवा राजांगणाच्या कडेची ओसरी असे. तिथे सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून, हाताची उशी करून माणसे लवंडत. सदनिकेत राहणाऱ्याने बैठकीच्या खोलीतला दिवाण निवडावा. उजेड मंद असावा पण मिट्ट काळोख नको. पंखा हवा, त्याचा झोत थेट तोंडावर नको. कमरपट्टा, घड्याळ, चष्मा काढून ठेवावा.

एका गोष्टीकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते, ती म्हणजे मच्छरदाणी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. रात्री सगळे घर मच्छरदाणीत झोपते आणि दुपारी लहान मूल उघड्यावर निजलेले असते, हे चित्र पावसाळ्यात मी घरोघरी पाहतो. जूनपासून पाऊस थांबून महिना होईपर्यंत दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावावी, निदान मुलांना आणि म्हाताऱ्यांना तरी.

कार्यालयात काम करणाऱ्यांना हे सगळे शक्य नसते. टेबलावर हात दुमडून त्यावर डोके ठेवले तर मान अवघडते, पोट दाबले जाते आणि पुष्कळांना ढेकर व गॅसचा त्रास होतो. त्यापेक्षा खुर्ची भिंतीला लावून मागे रेलावे, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल घ्यावा, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवावेत. कामाच्या जागी डुलकी घेऊ देणे म्हणजे कामचुकारपणाला वाव देणे, असे समजणाऱ्या वरिष्ठांसाठी चेन्नईतला एक अभ्यास सांगतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संगणकावर माहिती भरण्याचे काम करणाऱ्या ४५२ जणांना सहभागी केले होते. काहींची रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढवण्यात आली. त्यांच्या कामात फरक दिसला नाही. ज्यांना कामाच्या ठिकाणी दुपारी अर्धा तास शांतपणे झोपू दिले, त्यांचे लक्ष, कामाचा वेग आणि मनःस्वास्थ्य सुधारले. तो अर्धा तास नुसता मोकळा बसून घालवणाऱ्यांपेक्षा झोपणाऱ्यांनी अधिक काम केले. त्या वेळातही काम करत राहिलेल्यांच्या तुलनेत झोपणाऱ्यांची दिवसाची कमाई थोडी कमी भरली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण तेवढा वेळ कामातून गेलेलाच असतो. म्हणूनच जेवणाच्या सुट्टीतच डुलकी बसवणे सर्वांत सोयीचे.

आता प्रत्यक्ष निजताना

गजर लावावा आणि मोबाइल हाताच्या टप्प्याबाहेर, उठल्याशिवाय बंद करता येणार नाही इतक्या अंतरावर ठेवावा. घरच्यांना वेळ सांगावी. डोळे मिटावेत, जबडा सैल सोडावा, मग खांदे, मग हाताची बोटे, मग पोट. श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा थोडा लांबवावा. मनात कामांची यादी येऊ लागली तर श्वास मोजावेत. जुने छप्पन्न श्वास इथे उपयोगी पडतात आणि बहुतेकांचा डोळा ते पुरे होण्याआधी लागतो.

झोप आलीच पाहिजे असा हट्ट धरू नये. सुरुवातीचे काही दिवस ती येणारही नाही. डोळे मिटून वीस मिनिटे निश्चल पडण्यानेही शीण उतरतो, आणि पुष्कळदा आपण जागेच होतो असे वाटत असताना हलकी झोप होऊन गेलेली असते. वेळ झाली की झोप लागली असो वा नसो, उठायचे.

विद्यार्थ्यांसाठी एवढेच सांगतो की जे पक्के लक्षात राहायला हवे ते डुलकीच्या आधी वाचावे. झोपेत मेंदू नुकतेच शिकलेले घट्ट करतो, आणि हा परिणाम दुपारच्या झोपेतही दिसतो. बालवाडीतल्या मुलांची दुपारची झोप तर आईवडिलांनी क्लासच्या वेळेसाठी मोडू नयेच.

उठणे

गजर झाला की ‘आणखी पाच मिनिटे’ नको. त्या पाच मिनिटांची पंचवीस होतात आणि आपण थेट गाढ झोपेत उतरतो. उठून आधी पडदा सारावा किंवा दार उघडावे. उजेडाने गुंगी लवकर जाते. तोंडावर, मानेवर गार पाणी मारावे, पेलाभर पाणी प्यावे, चार पावले चालावीत. उठल्याबरोबर दुचाकीला किक मारू नये, पैशांचे हिशेब करू नयेत, महत्त्वाचा फोन उचलू नये.

साठीच्या पुढच्या माणसांनी अधिक जपावे. जेवणानंतर रक्ताचा ओघ पोटाकडे असतो, वृद्धांचा रक्तदाब त्यामुळे उतरतो, आणि आडवे असताना एकदम उभे राहिले की तो आणखी घसरून चक्कर येते. दुपारच्या झोपेतून उठताना पडून खुब्याचे हाड मोडलेली दोन माणसे आमच्याच वाड्यावर आहेत. आधी कुशीवर वळावे, हाताच्या आधाराने बसावे, पाय खाली सोडून मिनिटभर तसेच बसून पावले हलवावीत आणि मग उभे राहावे. खाटेजवळ धरायला काहीतरी भक्कम असावे.

रात्री जागणारे आणि गाडी चालवणारे

आपल्या गावचा पोदेर, म्हणजे पाववाला, मध्यरात्रीनंतर भट्टीजवळ उभा असतो, पहाटे पाव घेऊन सायकलवर निघतो आणि संध्याकाळी पुन्हा त्याचा भोंपू ऐकू येतो. हॉटेलांतले, इस्पितळांतले, औद्योगिक वसाहतींतले रात्रपाळीचे कामगार, पहाटे होडी घेऊन जाणारे मासेमार, यांना वर सांगितलेली वीस मिनिटे पुरणार नाहीत. त्यांनी पाळीवर जाण्याआधी, दुपारी किंवा तिसऱ्या प्रहरी दीड तासाची पूर्ण झोप घ्यावी आणि शक्य असेल तर रात्री दोन ते चारच्या दरम्यान पंधरा मिनिटांची डुलकी घ्यावी. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात आळीपाळीने चाळीस मिनिटांची सवड देऊन पाहिली होती. ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि उड्डाणाच्या शेवटच्या टप्प्यात, विश्रांती न मिळालेल्यांपेक्षा कितीतरी सावध राहिले.

बेळगावच्या एका लग्नाहून परतताना चोर्ला घाटाच्या उतारावर दुपारी अडीचच्या सुमारास माझा डोळा लागला होता. किती वेळ, ते सांगता येत नाही. डाव्या चाकाखाली खडी करकरली तेव्हा जाग आली आणि समोर कठडा होता. मागे मुले झोपलेली होती. त्यापूर्वी अर्धा तास मी खिडकी उघडून, गाणी मोठ्याने लावून झोप हटवत होतो. पेंग अशाने हटत नाही, तिला झोपच द्यावी लागते. जांभया येऊ लागल्या, मागचे दोन-तीन किलोमीटर आठवेनात, की रस्त्याच्या बाहेर सुरक्षित सावलीत गाडी लावावी, इंजिन बंद करावे, काचा खाली कराव्यात आणि वीस मिनिटे झोपावे. इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत कधीही झोपू नये, कारण धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर जाग येतच नाही. उठल्यावर खाली उतरून दहा मिनिटे चालावे आणि मगच पुढे निघावे.

कोणी थांबावे आणि कोणी डॉक्टरांकडे जावे

ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी दुपारची झोप काही आठवडे पूर्ण बंद करावी. रात्रीचे निदान सात तास हा मुख्य आहार आहे, आणि दुपारची डुलकी त्याची भरपाई करू शकत नाही. ग्रीसमध्ये २३,६८१ लोकांची काही वर्षे नोंद ठेवून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियमित दुपारी झोपणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी आढळले, आणि ही बातमी दुपारच्या झोपेचे समर्थक आवडीने सांगतात. परंतु अशा पाहणीतून झोपेमुळेच हृदय वाचले असे सिद्ध होत नाही. इतर अनेक पाहण्यांत रोज तासाहून अधिक झोपणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळले आहेत. तिथेही झोपेने आजार दिला की आजाराने झोप आणली, हे सहज वेगळे करता येत नाही.

म्हणून रात्री पुरेसे झोपूनही रोज दुपारी दोन-दोन तास झोप येत असेल, बोलता बोलता किंवा बसमध्ये उभ्या उभ्या डोळा लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. रात्री मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे, रक्तक्षय, थायरॉइडचा मंदपणा, न आवरलेली साखर, नैराश्य, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. इन्शुलिन घेणाऱ्याला अवेळी अचानक झोप आणि घाम येऊ लागला तर आधी साखर तपासावी, त्याला झोपू देऊ नये.

घरातल्या बाईची वामकुक्षी

वडिलांच्या किल्ल्या पडत तेव्हा आई बहुधा मोरीवर भांडी घासत असे. सर्वांना वाढून, स्वतः जेवून, ओटा पुसून होईपर्यंत अडीच वाजत. तिने पाठ टेकली की चहाच्या आधणाची वेळ होई. दुपारच्या झोपेवर लिहिणाऱ्याने हे सांगितले नाही तर वर दिलेल्या सूचना घरातल्या निम्म्या माणसांच्या काहीच उपयोगाच्या नाहीत. उपाय साधा आहे. जेवण झाल्यावर प्रत्येकाने आपले ताट विसळून ठेवावे, मोठी भांडी पाण्यात भिजत घालावीत आणि ती तीन वाजता, ज्याची डुलकी झाली आहे त्याने घासावीत. भिजलेली भांडी निम्म्या वेळात निघतात. चहाही त्यानेच ठेवावा.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पावणेदोनला तिची खाट सोप्यात मच्छरदाणीखाली तयार असते, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी मी तिच्या पायाशी बसून तिला हळूच हाक मारतो. ती बसते, पाय खाली सोडते, मिनिटभर माझा हात धरून राहते आणि मग उठते.